वरीलप्रमाणे

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार वगैरे मी मनातल्या मनात घातला आहे असं समज, कारण आज बातमी आधी सांगायची आहे आणि ती सांगायला मला तीन दिवस धीर झालेला नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः रचतोस. मागे मी घर बदलतेय म्हटलं, तर तू मामीला सांगितलंस की ही नोकरी सोडतेय. आईला चार दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा हा मेल, आणि तो सावकाश वाच.

परवा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. तिला गिरणी म्हणजे काय ते समजावत होते. म्हटलं, प्रोग्रामर लिहितात ते धान्य, मशीनला पचतं ते पीठ, आणि मधे दळायला ही आपली गिरणी. ती सव्वीस वर्षांपूर्वी याच मजल्यावर बसून माझ्या मामाने लिहिली हे मात्र सांगितलं नाही. म्हणाली असती, वशिल्याने लागलीस. मग तिने विचारलं, हा 'वरीलप्रमाणे' काय प्रकार आहे? सांगितलं, की तक्ता वाचताना एखादी जागा रिकामी दिसली तर वरच्या ओळीतला आकडा खाली धरायचा, असा गिरणीचा जुना नियम आहे. कारकुनांच्या वह्यांत खाली-खाली 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं असायचं, तसं. ती म्हणाली, "आणि जागा चुकून रिकामी राहिली असेल तर?" मी पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पाणी पीत बसले.

तर बातमी अशी. गिरणीची सातवी आवृत्ती पंधरा मार्चला बाहेर पडतेय आणि तिच्यातून तुझा 'वरीलप्रमाणे' काढायचं ठरलंय. यापुढे रिकामी जागा दिसली की प्रोग्राम तिथेच थांबेल आणि ओरडेल. तीन वर्षं आम्ही पिवळ्या अक्षरांत सूचना छापतोय, की हा नियम जाणार आहे, कुणाला हवा असेल तर कळवा. इतक्या सगळ्या वापरणाऱ्यांतून चौघांनी कळवलं. चौघांचंही काम आम्ही नीट लावून दिलं. आता कुणी उरलेलं नाही.

काढण्याचं काम माझ्याकडे आलंय. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिलं. रागावू नकोस. रागावलास तर निदान लवकर रागाव.

तुझी,
खार


६ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

लवकर रागावलो आहे. तुझा मेल सकाळी वाचला आणि मामीने पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आजवर तुमच्या त्या प्रमुखासाठी राखून ठेवली होती, ज्याला तुम्ही मागून कात्री म्हणता. आता ती कुणाला लावायची ते तूच ठरव.

मी गिरणी लिहिली तेव्हा गोदामातले कारकून होते, बाई. जन्मभर वहीत भरत आलेली माणसं. त्यांना मी म्हणू शकलो असतो, की आजपासून प्रत्येक ओळीत प्रत्येक आकडा भरा. त्यांनी माझं मशीन खिडकीतून खाली टाकलं असतं. म्हणून मशीनला त्यांची रीत शिकवली. हत्यार माणसाच्या हाताला बसलं पाहिजे, हात हत्याराला बसवायचा नसतो. आणि एकदा बसलेला हात तू कुठल्या अधिकाराने उपटणार?

पण तो राग बाजूला ठेवतो, कारण मला आता रागापेक्षा भीती वाटतेय. "कुणी उरलेलं नाही" असं तू लिहिलंस. मी उरलोय.

निवृत्त झाल्यावर मी इथल्या इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डासाठी एक प्रोग्राम लिहून दिला, हे तुला अर्धवट माहीत असेल. वीस खाटा. प्रत्येक बाळाला औषध वजनावर ठरतं. सिस्टर सकाळी तक्त्यात वजनं भरतात, माझा प्रोग्राम औषधाचं माप काढतो आणि चिठ्ठी छापतो. काही बाळं इतकी नाजूक असतात, की त्यांना रोज उचलून काट्यावर ठेवायचं नसतं. त्या दिवशी वजनाची जागा रिकामी, आणि प्रोग्राम वरचं, म्हणजे कालचं वजन धरतो. कळलं? वॉर्ड तू काढायला निघालेल्या त्याच नियमावर चालतो.

हा प्रोग्राम रोज सकाळी गिरणीतून ताजा दळून चालतो. इस्पितळाच्या संगणक विभागातले साहेब नवी आवृत्ती आली, की आठवड्याच्या आत सगळीकडे चढवतात. म्हणजे बावीस मार्चला सकाळी सात वाजता वीस बाळांच्या चिठ्ठ्या छापायच्या थांबतील. मग सिस्टर कागदावर आकडेमोड करतील, जशा माझ्या आधी करत होत्या. तेव्हा एकदा दशांशाचं टिंब एक घर सरकलं होतं. ते बाळ कसंबसं वाचलं, म्हणून तर वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या होत्या.

तुमची पिवळी सूचना मला एकदाही दिसली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. कुणाला दाखवत होतात?

नियम काढू नकोस.

मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझा मेल वाचला. आधी कामाचं बोलते.

पिवळी सूचना दिसली नाही हे शक्य नाही. रोज दळण होत असेल तर रोज दिसली पाहिजे, हजारभर वेळा. मी सहावी आवृत्ती पुन्हा तपासली, एक रिकामी जागा ठेवून चालवली. पिवळी ओळ ठसठशीत आली. मग तुझी सूचना गेली कुठे? नीट आठवून सांग, कारण तुझ्यासारखे आणखी किती असतील या विचाराने मला धड जेवता येत नाहीये.

आता भांडणाचं. हत्यार हाताला बसलं पाहिजे हे मान्य. पण ते कारकून कधीच निवृत्त झाले, आणि त्यांची रीत मात्र आम्ही दारोदार वाटतोय. मागच्या वर्षी एका शाळेने परीक्षेचे गुण गिरणीवर चढवले. एक मुलगी गोवरामुळे परीक्षेलाच बसली नव्हती. जागा रिकामी. वरची मुलगी हुशार, म्हणून ही घरबसल्या वर्गात दुसरी आली. सगळे हसले, मीही हसले. पण प्रोग्रामने चूक केली आणि चूक केली असं सांगितलं नाही, याचं मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. मुकाट्याने चुकीचं उत्तर देण्यापेक्षा थांबलेला प्रोग्राम बरा, असं मला मनापासून वाटतं. कात्रीला वाटतं म्हणून नाही.

तीन उपाय आहेत. एक, संगणक विभागाला सांगून वॉर्डात सहावीच ठेवायची. दोन, तुझ्या प्रोग्राममधे चार ओळी बदलायच्या, की वजन रिकामं असेल तर त्याच बाळाचं आधीचं वजन शोध. तू ते तासाभरात करशील, नाहीतर मला पाठव, मी करते. तीन, मी मीटिंगमधे भांडते. तिसरा शेवटचा ठेवू या का? मला भांडायची भीती वाटत नाही. जिंकायची वाटते.

खार


१३ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

सूचना कुठे गेली ते सापडलं. सांगायला लाज वाटते, पण मामीने तुझा मेल वाचला आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा सुटका नाही.

साधारण तीन वर्षांपूर्वी थोरल्या सिस्टरचा फोन आला. घाबरलेल्या. "काका, पडद्यावर काहीतरी पिवळं येतंय, औषध देऊ का नको?" मी म्हटलं, द्या, पिवळं म्हणजे काही नसतं. दुसऱ्या दिवशी दुसरी सिस्टर, तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई. चौथ्या दिवशी मी जाऊन प्रोग्रामच्या वर एक ओळ घातली, की सूचना छापू नकोस. काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. चष्मा घरी होता. आणि खरं सांगू, मला वाटलं, माझीच गिरणी मला काय नवीन सांगणार?

हसून घे. मग पुढचं वाच.

पहिला उपाय संपला. संगणक विभागाच्या साहेबांशी बोललो. ते म्हणाले, एका खोलीसाठी वेगळी आवृत्ती ठेवली तर उद्या सगळेच मागतील. भिंतीशी बोललेलं बरं. दुसरा उपाय तू म्हणतेस तितका सोपा नाही. प्रोग्राम वॉर्डातल्याच मशीनवर आहे, माझ्याकडे प्रत नाही, आणि मी हल्ली तिथे रोज जात नाही. आठवड्यातून एखादी चक्कर. चालत्या गाड्याला उगाच खीळ कशाला घालायची? सात वर्षांत एक चिठ्ठी चुकलेली नाही. जे नीट चाललंय त्याला हात लावायचा, तोही घाईत, तोही या डोळ्यांनी, हे मला जमणार नाही.

थांबलेला प्रोग्राम बरा, हे तुमच्या टेबलावर ठीक आहे. तिथे थांबला तर फार तर कुणाची तरी सुट्टी बुडते. इथे थांबला की दोन सिस्टर, वीस बाळं आणि एक पेन्सिल.

तिसरा उपाय कर. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

भांडले. दोन मीटिंगा झाल्या, दुसरी काल.

मी वॉर्डाचं सगळं सांगितलं. तू माझा मामा आहेस हेही सांगितलं, लपवून बोलायची माझी तयारी नव्हती. नवी मुलगी माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. कात्री आधी टेबलावरच्या कागदाच्या घड्या घालत बसला होता. मग म्हणाला, "तिथे बाळं आहेत म्हणून नियम ठेवायचा, का बाळं आहेत म्हणून काढायचा? मला खरंच विचारायचंय." मी म्हटलं, "सात वर्षांत एक चिठ्ठी चुकलेली नाही." तो म्हणाला, "असं कोण म्हणतं?" मी म्हटलं, "ज्याने प्रोग्राम लिहिला तो." तो म्हणाला, "तो म्हणणारच. आपला तो बाब्या."

मला राग आला आणि रागात माणूस चांगलं बोलतो. म्हटलं, लोकांनी आपल्यावर विसंबून घरं बांधली आहेत. आपल्याला नवीन पाया आवडला म्हणून आपण त्यांच्या अंगावर छप्पर पाडणार का? सूचना दिली होती म्हणे! ज्याला सूचना पोचली नाही त्याला सूचना दिली असं म्हणता येत नाही. शेवटी ठरलं, की सातव्या आवृत्तीतही नियम तसाच राहील, आणखी दोन वर्षं. खाली जबाबदार म्हणून माझं नाव लिहिलंय.

म्हणजे जिंकले. पण मला बरं वाटत नाहीये, मामा. कालपासून कात्रीचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. "असं कोण म्हणतं?"

माझं एक काम कर. एक दिवस सकाळी वॉर्डात जाऊन बस. तक्ता कसा भरतात ते तुझ्या डोळ्यांनी बघ, चिठ्ठ्या कशा निघतात ते बघ, आणि मला कळव. तुझे गुडघे दुखत असतील तर रिक्षा कर. आठवड्याची चक्कर असतेच, तर तेवढ्यात होईल. माझ्या समाधानासाठी.

खार


२६ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

शाब्बास! मामीला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू माझी भाची शोभतेस, आणि त्या कात्रीला सांग की त्याच्या जन्माच्या आधी मी कागदाच्या घड्या घालत होतो.

वॉर्डात सगळं व्यवस्थित आहे. काळजी करू नकोस. आता जेवत जा.

मामा


१ मार्च

चिरंजीव खारूस,

मी मामी. हे मी माझ्या फोनवरून लिहितेय, मामाला सांगू नकोस. सांगितलंस तर मी नाही म्हणेन.

तू त्यांना वॉर्डात जाऊन बघ म्हणून लिहिलंस ते मी वाचलं. त्यांनी काय उत्तर दिलं तेही वाचलं. मला संगणकातलं काही कळत नाही, पण खोटं कळतं. चाळीस वर्षं ऐकतेय.

ते मागच्या जुलैपासून वॉर्डात गेलेलेच नाहीत. थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. इस्पितळाने नवा नियम केला, की बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही. मामांना बोलावलं, छोटा समारंभ केला, गुच्छ दिला, आणि गोड बोलून दाराबाहेर ठेवलं. घरी येऊन हे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. मी आजवर नाही सांगितलं, तुझ्या आईलाही नाही.

त्यांना जायला लाव. मी सांगून जात नाहीत. म्हणतात, बोलावल्याशिवाय कसा जाऊ. पण तू म्हणालीस तर जातील, कारण तुझं नाव खाली लिहिलंय. तुझं नाव लिहिलंय हे वाचल्यापासून ते वर्तमानपत्र उलटं धरून बसतात.

तब्येतीला जप.

मामी


३ मार्च

प्रिय मामा,

थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलं तर मी मवाळ होईन.

पंधराला सातवी आवृत्ती जाणार. तिच्यात तुझा नियम आहे आणि खाली माझं नाव आहे. मी मीटिंगमधे छातीठोकपणे सांगितलं, की एक चिठ्ठी चुकलेली नाही. ते मी तुझ्या शब्दावर सांगितलं. आता मला तुझा शब्द पुरत नाही. मला वॉर्डातला एका सकाळचा तक्ता हवा आहे, तुझ्या डोळ्यांदेखत भरलेला. बारा तारखेच्या आत तो आला नाही, तर मी कात्रीकडे जाऊन माझं म्हणणं मागे घेईन. तू पुन्हा माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

बोलावलं नसेल तरी जा. दाराशी अडवलं तर तिथून डॉक्टरीणबाईंना फोन लाव, नाहीतर मला दे, मी बोलते. मान नंतर बघू. मला खूप भीती वाटतेय, मामा.

खार


१० मार्च

खारूताई,

गेलो होतो. आज सकाळी साडेसहाला.

दाराशी अडवलं नाही. नव्या थोरल्या सिस्टरने खुर्ची दिली, म्हणाली, "तुमच्याबद्दल ऐकलंय, काका." शांत, नीटनेटकी बाई आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून तू तिच्यावर चिडशील, आणि तिची काहीही चूक नाही.

माझ्या तक्त्यात एका बाळाच्या सगळ्या दिवसांच्या ओळी एकाखाली एक असायच्या. वरची ओळ म्हणजे त्याच बाळाचा काल. मागच्या नोव्हेंबरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राउंडला आल्यावर आजचा सगळा वॉर्ड एका पानावर दिसला तर बरं. सिस्टरने तसं केलं. एका दिवसाचं एक पान, एका खाटेची एक ओळ. शहाणपणाचंच काम. प्रोग्राम चालला, चिठ्ठ्या निघाल्या, पिवळं काही आलं नाही. पिवळं मीच बंद केलं होतं.

आज सात नंबरच्या खाटेचं वजन करायचं नव्हतं. तिने जागा रिकामी सोडली. मशीनच्या वर भिंतीला माझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे, 'वजन केलं नसेल तर जागा रिकामी सोडा, कॉम्प्युटर मागचं वजन धरतो.' तिने अक्षरशः तेच केलं. वरची ओळ सहा नंबरची. तीन किलो दोनशे. सात नंबरचं बाळ काल एक किलो चारशे होतं. चिठ्ठी छापून आली आणि सिस्टर ती घेऊन वळली.

मी ओरडलो. आयुष्यात एवढा ओरडलो नसेन. तीन बाळं जागी झाली.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंना बोलावलं, चिठ्ठ्या थांबवल्या, आणि नोव्हेंबरपासूनची पानं घेऊन बसलो. दुपारचे तीन वाजले. बारा ठिकाणी रिकाम्या जागेत शेजारच्या बाळाचं वजन गेलं होतं. दहा ठिकाणी वरच्या-खालच्या बाळांची वजनं जवळपास सारखी होती, म्हणून निभावलं. नशीब, दुसरं काही नाही. उरलेल्या दोन जागा चार नंबरच्या खाटेवरच्या एका मुलीच्या, डिसेंबरातल्या. तिला झटके यायचे, म्हणून हात लावायचा नव्हता. सलग दोन दिवस वजन नाही. झटक्याचं औषध दोन्ही दिवस जवळजवळ दुप्पट गेलं. ती दूध पिईना, डोळे उघडीना. सगळ्यांना वाटलं, रक्तात संसर्ग झालाय. तिच्या इवल्याशा पाठीतून सुई घालून पाणी काढून तपासलं. काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी वजन केलं, माप आपोआप बरोबर झालं, आणि ती सावरली. महिन्याभराने घरी गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता ठणठणीत आहे. का झालं होतं ते आजपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं.

सव्वीस तारखेचं पत्र खोटं होतं. आठवड्याची चक्करही खोटी. जुलैनंतर मी आज पहिल्यांदा तिथे पाऊल ठेवलं. नाक कापलं जाईल म्हणून बोललो नाही, आणि ते जपता जपता तुझं नाव त्या नियमाखाली जाऊ दिलं.

नियम काढ. रिकामी जागा दिसली की थांबू दे, ओरडू दे. आणि कुणालाही ते ओरडणं बंद करता येणार नाही असं कर. विशेषतः माझ्यासारख्याला.

मामा


११ मार्च

प्रिय मामा,

तुझा मेल दोनदा वाचला आणि उठून कात्रीच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तसं झालं नाही. त्याने तारीख पुढे ढकलली आणि मला म्हणाला, "आधी वॉर्डाला काय लागतं ते बघ." दुपारी मी नियम काढला. सूचना बंद करायची सोय या एका गोष्टीपुरती बंद केली. शिवाय सहावी वापरणाऱ्या प्रत्येकाला वेगळं पत्र जातंय, आणि ज्याचं उत्तर येणार नाही त्याला फोन. नवी मुलगी यादी घेऊन बसलीये. पिवळ्या रंगावर विसंबून राहिलो, हे आमच्याकडून झालं. ते तू एकट्याने घेऊ नकोस.

मी वॉर्डासाठी प्रोग्राम नव्याने लिहितेय. तोपर्यंत सिस्टर काय करतायत? दोघींनी स्वतंत्र आकडेमोड करून ताडून बघावं, असं त्यांना सांग. आणि तो भिंतीवरचा कागद काढलास का?

आणि मी जिंकले होते, मामा. मीटिंगमधे किती छान बोलले होते मी.

त्या मुलीच्या आईला सांगितलंय का? कोण सांगणार? मी येऊ का?

खार


१९ मार्च

प्रिय खारूताई,

कागद त्याच दिवशी काढला. दोघी सिस्टर आमनेसामने बसून माप काढतात, मी तिसरा. मला आत येऊ देतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, सिस्टरच्या नावाने कुठेही काही लिहायचं नाही, लिहायचं ते माझ्या नावाने. त्यांनी मान डोलावली. इस्पितळाची चौकशी होईल, ती होऊ दे.

त्या मुलीच्या आईला आज सांगितलं. ती मुलीला तपासायला घेऊन येणार होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सांगते. मी म्हटलं, तुम्ही बसा, पण बोलतो मी. तू यायला हवी होतीस असं सकाळपासून वाटत होतं, आणि आली नाहीस तेही बरं झालं.

बाई शिवणकाम करते. पंचविशीची असेल. मुलगी मांडीवर, मूठ तोंडात घालून माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. रिकामी जागा, शेजारचं बाळ, दुप्पट औषध, सुई. चूक माझी, हे दोनदा सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

तिने मुलीच्या तोंडातली मूठ काढली. मग विचारलं, "त्या दोन दिवशी हिचं खरं वजन किती होतं?"

मी तिच्यापुढे पान धरलं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, साधारण एक किलो सातशे धरायला हरकत नाही. मी म्हटलं, नको, काही धरायचं नाही. आणि तिला सांगितलं, "बाई, त्या दोन दिवशी तुमच्या मुलीचं वजन कुणी केलंच नव्हतं. ते आम्हाला माहीत नाही."

ती उठली. मुलीच्या अंगावरचं दुपटं काढलं, टोपी काढली, पायमोजे काढले, आणि तिला काट्यावर ठेवून मला म्हणाली, "मग आत्ता बघा. माझ्यासमोर."

चार किलो दोनशे दहा. मी आकडा मोठ्याने वाचला, तिने वाकून बघितला, आणि मग मी लिहिला.

मामा